पितळी बिल्ला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आई तर आता राहिलीही नाही. आणि आज सांगतेय ती काही शांतपणे वगैरे नाही, रागाने सांगतेय. गेल्या आठवड्यात एका कॉलेजात माझं भाषण झालं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या अंगाची नुसती आग झाली. का? सांगते. जमेल तसं सांगते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी रोह्याजवळच्या एका रसायन कंपनीत प्रोग्रॅमर होते. पेणहून रोज एसटीने जायचे. ऑफिसात कॉम्प्युटर येणारी मी एकटी — काय तो माज! टाक्यांवरच्या कामाची परवानगी कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे आलं. त्याआधी तिथे काय होतं? एक लाकडी फळी. फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका टाकीचा पितळी बिल्ला. टाकी भरायची असो की आत उतरून धुवायची असो, बिल्ला ज्याच्या खिशात त्याचं काम. खिळा रिकामा दिसला की दुसऱ्याने गुमान थांबायचं. बस्स, एवढंच.

ती फळी मी उतरवली. दोन टर्मिनल बसवले, पडदा, कीबोर्ड आणि प्रिंटर असलेले, एक भरणीवाल्यांकडे आणि एक धुणाऱ्यांकडे. टाकीचा नंबर टाकायचा, टाकी मोकळी असेल तर परवानगीचा पास छापून येणार.

भरणीला भोईरकाका होते, निडी गावचे. डोक्याचे सगळे केस त्या कंपनीतच पिकलेले. मी सगळ्यांना शिकवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, बिल्ला एकच व्हता. आता दोघांनी एकदम बटन दाबलं तर गो?"

मी काय केलं? हसले. म्हटलं, "काका, तो बिल्ला आता देव्हाऱ्यात ठेवा." सगळे खो खो हसले. काकाही हसले, जरासे.

आणि प्रश्न तर अगदी बरोबर होता! प्रिंटर सारखा अडकायचा, म्हणून मी प्रोग्रॅम असा लिहिला होता: आधी टाकी मोकळी आहे का बघायचं, मग पास छापायचा, आणि पास नीट निघाला की मगच नोंद करायची. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात टाकी दुसऱ्यालाही मोकळीच दिसायची. काकांना जे एका दमात कळलं ते मला का कळू नये? डोंबलाची हुशारी माझी!

चार महिन्यांनी तेच झालं. एकाच टाकीचे पास दोन्हीकडे निघाले. खांब गावचा एक कंत्राटी कामगार धुवायला आत उतरला, आणि तिकडे लांब पंपघरात, हातात पास घेऊन, काकांनी कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकचा व्हॉल्व्ह उघडला. आरडाओरडा झाला, त्याला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला. गुडघ्याखालचे पाय — ते मी पाहिले नाहीत. पाहायला गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशी बसली. काका सांगत होते, पडद्यावर मोकळी दिसली, हा बघा पास. पण त्याच टाकीचा एक पास त्यांनी सकाळीही घेतला होता आणि काम झाल्यावर नेहमीसारखा फाडून टाकला होता. माझ्या पासावर तारीख छापलेली असायची, वेळ नाही; म्हणजे हातातला पास सकाळचा की नंतरचा, कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्युटरमध्ये एका टाकीची एकच नोंद राहायची, आणि काकांच्या नोंदीवर धुणाऱ्यांची नोंद जाऊन बसली होती. साहेबांनी मला विचारलं, एका टाकीचे दोन पास निघू शकतात का?

थांबा, एक राहिलं. चौकशीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीचं दार लावून दोन टर्मिनल शेजारीशेजारी ठेवले होते. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली होती. दोन्ही पास निघाले. ते मी पर्समध्ये कोंबले, पेणला नेले आणि बंबात घातले.

"शक्यच नाही," मी साहेबांना सांगितलं. "तो सकाळचाच पास असणार."

काका एवढंच म्हणाले, "पोरी, खरं सांग गो." मी फायलीत बघत राहिले. मेलं काही नव्हतं त्या फायलीत.

काकांची नोकरी गेली. त्या वयात ते डोलवीला कुठल्याशा ठेकेदाराकडे गोण्या उचलायला लागले, असं कानावर आलं. मी पुढच्या आठवड्यात प्रोग्रॅम दुरुस्त केला, त्याला 'सुधारणा' असं नाव दिलं, आणि शाबासकीचं पत्र घेतलं. घेतलं! हात पुढे करून!

पुढे मी याच विषयातली तज्ज्ञ झाले, बोला आता. ट्रान्झॅक्शनल मेमरी. कामं एकाच वेळी चालताना एकमेकांत घुसू नयेत, याची काळजी कंपायलरनेच, म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनेच घ्यायची. आपण फक्त सांगायचं की एवढ्या ओळी अखंड. मध्ये कुणी घुसलं तर केलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. भोईरकाकांचं जे झालं ते कुठला कंपायलर पुसणार? हे सगळं मी पोरांना लाकडी फळी आणि पितळी बिल्ला सांगून समजावते. कितीतरी वर्षं समजावतेय. किती सोपं करून सांगता मॅडम, म्हणतात. जळलं मेलं ते सोपं!

त्या कॉलेजात टाळ्या थांबल्यावर एका मुलीने विचारलं, बिल्ल्याचा दाखला तुम्हाला कुठून सुचला?

"असाच सुचला," मी म्हटलं.

मला तो सुचलेला नाही. निडीच्या भोईरकाकांनी तो मला सगळ्यांसमोर सांगितला होता. आणि चौकशीत त्यांच्या हातात जो पास होता तो सकाळचा नव्हता. तो त्याच वेळचा होता, खरा होता, माझ्याच प्रोग्रॅमने छापलेला होता. आणि हे मला माहीत होतं.