येतोच, खिडकी उघडी ठेवा

गार आणि गरम हवेची मशीनं दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला सगळे थंडोबा म्हणत, आणि ते नुसतं धंद्यावरून नव्हतं. गच्चीवरच्या मशीनला कान लावून त्याने डोळे मिटले की तो गेलाच म्हणून समजा. आत मोटर गुणगुणतेय, पंखा सुस्कारा टाकतोय, कुठेतरी बारीक खुळखुळ होतेय. त्या आवाजांच्या मागे मागे तो इतका लांब जायचा की खिशातला फोन वाजून वाजून दमायचा.

हे वेड उस्तादांचं. त्यांनीच त्याला काम शिकवलं. मशीन बोलत असताना दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्याच उस्तादांनी नऊ वर्षांपूर्वी त्याला हाकलून दिलं. एका गिऱ्हाइकासमोर ते म्हणाले, मशीन ठणठणीत आहे. थंडोबा म्हणाला, आत ठकठक येतेय. माझ्या कानावर शंका घेतोस, पुन्हा तोंड दाखवू नकोस, असं सुनावून उस्ताद जिना उतरून गेले. आठवड्याभरात ते मशीन जाम झालं. थंडोबा खरा ठरला, पण त्याचं त्याला सुख नव्हतं. पुढे स्वतःचं काम निघालं, जम बसला, तरी जीव त्या जिन्यातच अडकून राहिला.

न उचललेला फोन म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक, हे बायको जाणून होती. तिने फोनमध्ये सोय केली, फोन उचलला नाही की आपोआप मेसेज जाणार. त्यात आधीपासून होतं, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' दारात आलेल्या माणसाशी असं कुणी बोलतं का, म्हणत तिने ते पुसलं आणि लिहिलं, 'तुमचा फोन आला, बरं वाटलं. हातातलं काम संपवून येतोच. तोवर मशीन बंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा.'

झालं, फोन करेल त्याला हेच. विमा विकणाऱ्या बाईंना गेलं. सासरेबुवांनी ख्यालीखुशाली विचारायला फोन केला, तर त्यांनाही. सासरेबुवा आज्ञाधारक. त्यांनी खिडकी उघडली आणि दिवसभर जावयाची वाट पाहिली.

एका दुपारी गच्चीवरच्या तंद्रीतून बाहेर येऊन थंडोबाने फोन काढला. न उचललेला फोन उस्तादांचा होता. खाली मेसेजही गेलेला. नऊ वर्षांनी त्यांनी हाक मारली आणि उत्तर कुणी दिलं, तर फोनने. आपण टोमणा मारला असं त्यांना वाटलं तर ते पुन्हा कधी फोन करायचे नाहीत. त्याने तीनदा उलटा फोन लावला, उचलला नाही. मग बायकोला सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "अहो, येतो म्हटलंय ना? मग जा."

उस्तादांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मशीन बंद, खिडकी सताड उघडी. पडदा सावकाश फुगत होता, बसत होता, आणि त्याच्यासोबत फरशीवरचं ऊन आत-बाहेर करत होतं. खुर्चीत उस्ताद, हातात फोन. चाहूल त्यांना लागलीच नाही. सावली पडली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"कान गेले माझे," ते नको इतक्या मोठ्याने म्हणाले. "फोनमध्ये नुसती घूंघूं. रिंग जातेय की माणूस बोलतोय, कळत नाही. म्हणून मनातलं सरळ बोलून टाकलं. मग तुझं हे आलं." त्यांनी फोन पुढे केला. "बरं वाटलं, म्हणालास. ऐकलंस ना सगळं? त्या ठकठकीचं पुन्हा बोलायला लावू नकोस. एकदाच जमलं."

थंडोबाच्या लक्षात आलं. उस्ताद नुसत्या वाजणाऱ्या फोनशी बोलले होते. नऊ वर्षं ज्या शब्दांसाठी त्याचा जीव तुटत होता, ते बोलून झाले होते आणि कुणीच ऐकले नव्हते. त्याला रडू आलं.

त्याने मान हलवली. ऐकलं.

मग त्याने मशीन सुरू केलं, कान लावला, डोळे मिटले. उस्ताद त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मोटर एका लयीत चालली होती, पंखा स्वच्छ फिरत होता. मशीनला काहीएक झालेलं नव्हतं.

"काय म्हणतंय?" उस्तादांनी विचारलं.

थंडोबा त्यांच्या कानाशी वाकला. "ठकठक येतेय, उस्ताद," तो मोठ्याने म्हणाला. "उद्या परत यावं लागेल."