सुका तामोरेची कमाई

सुका तामोरे भित्रा होता, असं तारापूरच्या खाडीकाठी कुणीही सांगेल. सांगू देत. बोलायला कुणाच्या बापाचं काय जातं? ज्यांच्या छातीत तशी धडधड कधी सुटली नाही, त्यांनीच त्याला जन्मभर भित्रा म्हटलं.

मांगेल्याच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरचा पोरगा वीस वर्षांचा झाला की बापाबरोबर होडीवर जायचाच, त्यात विचारायचं काही नसतं. चौऱ्याहत्तर साली सुका गेला. किनारा दिसेनासा झाला आणि त्याच्या तोंडाला कोरड पडली. हातपाय गार पडले, श्वास पुरेना. आपण मरतोय, आत्ता, इथंच, अशी त्याची पक्की खात्री झाली. फळीला मिठी मारून तो ओरडत राहिला, "मला घरी न्या! मला घरी न्या!" होडी हाकणाऱ्या तांडेलानं शिव्या घातल्या, बापानं दोन थोबाडीत दिल्या, पण ओरडणं थांबेना. शेवटी जाळं न ओढताच होडी माघारी फिरली. सहा घरांचा दिवस बुडाला. मग काय, कुठलाच तांडेल त्याला होडीवर घेईना. बाप तर मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलला नाही.

भगतानं कोंबडा घेतला, अंगारा दिला. पालघरच्या डॉक्टरनं छाती तपासली आणि म्हणाला, "काळीज ठणठणीत आहे. घाबरू नका." घाबरू नका म्हणे! ते जमत असतं तर तो कशाला पालघरला आला असता?

मग कुंभवलीकडं कारखाने उभे राहिले. सुकाही एका कारखान्यात चिकटला. तीन दिवस दात आवळून काढले. चौथ्या दिवशी मोठं शटर खाली आलं, यंत्रं एकदम धडाडली आणि हा पोत्यांच्या थप्पीवरून उड्या मारत दाराकडं धावला. मुकादम ओरडला, "अरे, पागल है क्या?" सगळी पाळी हसली. त्या दिवसाची मजुरी मागायलाही सुका परत गेला नाही.

त्याचं लग्न तोवर झालं होतं. बायको मंजुळा पालघरजवळच्या माहीमची. अंगानं काटकुळी, पण बाजारात तिचा आवाज पन्नास बायकांत ओळखू यायचा. पहाटेच्या एसटीनं माशांची पाटी घेऊन बोईसरला जायची, दुपारी रिकामी पाटी घेऊन परत यायची. नवरा घरी आणि बायको बाजारात, म्हणून लोक काय काय बोलायचे. मंजुळा म्हणायची, "बोलतात त्यांच्या चुली मी पेटवीत नाय नि माझी ते पेटवीत नाय." विषय संपला.

पण सुकाच्या मनातून तो विषय संपेना. आपण बायकोच्या जिवावर खातो, ही गोष्ट त्याला त्या धडधडीहून जास्त जाळायची. ताटावर बसला की घास फिरायचा.

त्याला वाट दाखवली धर्माजीनं. त्या पट्ट्यात घरोघर सोनारकामाच्या डाया कोरण्याचा धंदा चालतो, आणि धर्माजी त्यातला जुना कारागीर. पोलादाच्या ठोकळ्यावर बारीक छिन्नीनं पान, फूल, कोयरी खोलगट कोरायची; सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून ठोकतो आणि पत्र्यावर नक्षी उठते. काम घरात बसून. वर मुकादम नाही, खाली समुद्र नाही. धर्माजीला वाटलं होतं, याचे हात कापतात, याला काय जमणार! पण छिन्नी हातात आली की सुकाचा हात दगडासारखा स्थिर. चहाचा कप धरताना कापणारा तोच हात!

दोन वर्षांत सुका तयार झाला. ओसरीवर बसून दिवसभर टुकटुक चालायची. झालेल्या डाया मंजुळा फडक्यात बांधून बोईसरला नागोराव व्यापाऱ्याकडं द्यायची, तिथूनच कोरे ठोकळे आणायची आणि महिन्याच्या महिन्याला पैसे त्याच्या हातावर ठेवायची. "हे तुमच्या डायचे." सुका त्या नोटा कपाळाला लावायचा आणि पुन्हा तिच्याच हातात द्यायचा. "यातनं तुला लुगडं घे." ती म्हणायची, "घेईन पुढच्या महिन्यात." पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. मूलबाळ झालं नाही, पण घर हसतं होतं. सुका ताठ मानेनं जेवायचा.

एक रीत मात्र त्या घरात पडली होती. वाईट बातमी सुकाला एकदम सांगायची नाही. त्याची आई माहीमला लेकीकडं वारली, तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं ताप आहे, दुसऱ्या दिवशी सांगितलं जास्त आहे, तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं. तोवर आईची राख झाली होती. त्याला झटका येऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून केलेली ही माया. सुका एवढंच म्हणाला, "मला खांदा तरी देऊ द्यायचा होता." पण रीत काही मोडली नाही. शेजारची गोजराबाईसुद्धा अंगणात शिरताना तोंडावर हसू चिकटवूनच यायची.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मंजुळा वाळत चालली. सुकानं विचारलं तर म्हणाली, "उन्हानं." जेवत का नाहीस, तर म्हणाली, "बाजारात वडापाव खाल्ला." एक दिवस ती बाजारात पाटीवरच कोसळली. बायकांनी टेम्पोत घालून घरी आणली. गोजराबाई तोंडभर हसून म्हणाली, "काय नाय रे सुका, चक्कर आली जरा."

या वेळी सुकानं तिचा हात धरला. "गोजराबाय, माझ्याकडं बघून सांग."

गोजराबाईचं हसू गळून पडलं. पोटात गाठ होती. वर्षभर होती. डॉक्टरनं मुंबईला न्यायला सांगून सहा महिने झाले होते. चार-पाच हजार लागतील म्हणाला होता. "तिनं शप्पत घातली रे. म्हणाली, त्यांना कळलं तर ते आदी मरतील."

सुकाची छाती उडायला लागली. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला. समोर अकरा डाया तयार पडल्या होत्या. हाराचा अख्खा संच, आयुष्यात केलेलं सगळ्यात बारीक काम. त्याच्या हिशेबानं त्याचे हजार तरी यायला हवे होते, आणि एवढ्या वर्षांच्या ओळखीवर नागोरावनं दोन-तीन हजार उचल दिली असती. पण नेणार कोण? मंजुळा तापात बोलली, "डाया राहू द्या. मी बरी झाले का नेईन." दोनदा बोलली. सुकाला वाटलं, आपल्या काळजीनं बोलते.

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली बघून त्यानं पिशवी उचलली. अकरा किलोचं ओझं. कारखाना सोडल्यापासून तो एकटा गावाबाहेर गेला नव्हता. एसटीत चढला, दार लागलं आणि सुरू झालं सगळं. कानात वारं शिरल्यासारखं, डोळ्यांपुढं काळं. अर्ध्या वाटेत त्यानं घंटीची दोरी ओढली आणि उतरला. एका कारखान्याच्या कुंपणाला धरून उभा राहिला, ओकला. घरी पळावं असं अंगातला कण न् कण सांगत होता. पण अंथरुणावर पडलेली मंजुळा डोळ्यांपुढून हलेना. मग उरलेली वाट चालत गेला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत, स्वतःशीच मोठ्यानं बोलत. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

नागोराव दुकानात एकटाच होता.

"मी सुका तामोरे. मंजुळाचा मालक."

नागोराव उठून उभा राहिला. "तुम्ही सुका? या, या, बसा. अहो, इतकी वर्षं नुसतं नाव ऐकून होतो."

सुकानं फडकं सोडलं. नागोरावनं एकेक डाय भिंगाखाली धरली. खूप वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, "या कुणासाठी केल्या?"

"तुमच्यासाठीच. दर महिन्याला करतो त्याच."

नागोरावनं हातातली डाय फडक्यावर ठेवली. "सुका, मी हातच्या डाया घेणं बंद करून दोन वर्षं झाली. मुंबईत आता मशीनच्या डाया मिळतात, निम्म्या भावात. मंजुळाबाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नाही?"

"पण ठोकळे... ठोकळे तर ती तुमच्याकडनंच आणते."

"नेतात ना. रोख पैसे टाकून नेतात. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाला माल देता." नागोरावनं भिंग पुसलं. सांगावं की नाही, असं झालं असावं. "पलीकडच्या भंगारवाल्याकडं तुमच्या हातच्या डाया मी दोन-तीनदा बघितल्या. हात ओळखला मी. म्हटलं, एवढं काम भंगारात कोण घालतं?"

सुकाला सगळं कळलं. दोन वर्षं तो कमवत नव्हता. मंजुळा मासे विकायची, त्यातनं पैसे बाजूला काढून 'तुमच्या डायचे' म्हणून त्याच्या हातावर ठेवायची, त्याच पैशातनं ठोकळे विकत घ्यायची, आणि त्यानं डोळे फोडून कोरलेली फुलं वजनावर विकून टाकायची. कशासाठी? तर ओसरीवरची टुकटुक बंद पडू नये म्हणून. त्याचा घास फिरू नये म्हणून. आणि पोटात गाठ घेऊन, औषधाचे पैसे त्याच्या ठोकळ्यांत घालून! देवा रे, एवढी माया करावी का कुणी कुणावर?

नागोरावनं पन्नासाची नोट पुढं केली. सुकानं हात जोडले आणि पिशवी उचलली. तो पलीकडच्या भंगारवाल्याकडं गेला. त्यानं हाराचा अख्खा संच काट्यावर टाकला, पानांसकट, फुलांसकट. अकरा किलो, सहा रुपयांनी. सहासष्ट रुपये.

घरी आला तेव्हा मंजुळा जागी होती, उठून बसायला धडपडत होती. "कुठं गेला होता तुमी?"

"बोईसरला."

"एकटे?" तिचा चेहरा असा खुलला की सुकाला तिचं लग्नातलं तोंड आठवलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं, तो बोईसरला कशाला गेला असणार. ती पांढरी पडली. ओठ सुकले, छाती वरखाली होऊ लागली, हातानं गोधडी चुरगाळायला लागली. सुका बघत होता. ही धास्ती त्याला पाठ होती. फक्त दुसऱ्याच्या अंगात त्यानं ती कधी बघितली नव्हती.

"नागोराव... काय म्हणाला?"

जन्मात कधी एवढं सरळ बोलला नव्हता तसं सुका बोलला. "म्हणाला, मधी धंदा मंदा होता. आता परत मागणी हाय. काम बघून तर खूश झाला. हा बयाणा दिला, बाकीचे पुढच्या महिन्यात."

"खरंच घेतल्या?" तिनं तीनदा विचारलं. "सगळ्या? अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

तिनं नोटा हातात घेतल्या, कपाळाला लावल्या. श्वास खाली बसला. त्या रात्री किती तरी महिन्यांनी ती शांत झोपली.

दुसऱ्या दिवसापासून सुका गोजराबाईबरोबर मंजुळाची पाटी घेऊन बाजारात बसायला लागला. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. तोंडातून आवाज फुटेना, घामानं सदरा चिंब, मधेच उठून भिंतीमागं जाऊन दम खायचा. गिऱ्हाइकं हसायची. घरी सांगायचा, नागोरावकडं काम शिकवायला जातो. कोळंबी विकून, गोजराबाईकडून थोडे, नातेवाइकांकडून थोडे असे नऊशे रुपये जमले. चार हजार व्हायला अजून किती बाजार लागतील, ते तो रोज मोजायचा. मंजुळा तेवढं थांबली नाही. एकविसाव्या दिवशी गेली. या वेळी सुका जवळ होता. तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

तिला आंघोळ घालताना बायकांना पदराच्या गाठीत नोटा सापडल्या. गोजराबाई बाहेर आली आणि त्या तिनं सुकापुढं धरल्या. सहासष्ट रुपये, जसेच्या तसे.

"औषदाला दे म्हटलं तरी देत नव्हती," गोजराबाई रडत म्हणाली. "म्हणायची, याला हात नको लावू. ही माझ्या मालकाची कमाई हाय. एकटे जाऊन आणलीय त्यांनी."

सुका भर अंगणात, सगळ्या गावासमोर खाली बसला आणि मोठ्यानं रडला. ते भंगाराचे पैसे होते हे त्यानं तेव्हाही सांगितलं नाही.