परत आलेला नारळ

आज कुरिअरनं एक नारळ आला. मीच एकशे वीस रुपये भरून लेकीला पाठवलता.

लेक सुमी रॉकेट कंपनीत इंजिनिअर आहे. उड्डाणाआधी फोडायला दिलता. सोबत चिठ्ठी होती: "आई, एका व्हॉल्व्हची मला खात्री नव्हती, म्हणून उड्डाणाच्या मंजुरीवर सही केली नाही. उड्डाण थांबलं. सगळे चिडलेत. नारळ तुझ्याकडंच ठेव."

मी लगेच फोन केला अन् बोलून गेले, "सगळ्यांनी सही केली, तूच का आडलीस गं?"

"आई, माशी पडलेलं दूध तू देवाला दाखवतेस का?" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही.

गटातल्या बायांनो, तुमी काय म्हणाल्या असत्या?

सुमे, तू गटावर हे वाचशीलच. माझं चुकलं. नारळ देवापुढं ठेवलाय. तू सही करशील त्या दिवशीच फोडीन. बोलायचं नसलं तर उलट टपाली दोन ओळी तरी धाड.