दुकानावरचं कॉलेज

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय.

ॲडलेडला मी इतिहासात मास्टर्स करत होते, मॉसन लेक्स या उपनगरात चौघींत भाड्याने घर घेऊन. तेव्हा आपल्याकडची मुलं विमानं भरभरून येत होती. माझ्या असाइनमेंटचा विषय होता, परदेशात वसाहती कराव्यात म्हणून सुरुवातीच्या इंग्रजांनी कोणते युक्तिवाद केले. इथे इंग्लंडात माणसं फार, हाताला काम नाही. तिकडे जमीन मोकळी. जाणाऱ्याचं भलं, मागे राहणाऱ्यांचंही. तिकडे आधीपासून राहणारी माणसं? ती जणू नव्हतीच. मी लिहिलं, की असं लिहिणारे कित्येक जण स्वतः कधी गेलेच नाहीत, आणि गेलेल्यांची उपासमार त्यांनी सोयीने गाळली. ट्यूटरने ते वर्गात वाचून दाखवलं. किती खूश झाले होते मी—

पुढे एका एजंटच्या ऑफिसात काम लागलं. मुलांना कुकरीच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या कोर्सला आणायचं; तो केला की पुढे तिथेच कायम राहता यायचं. माझा व्हिसा संपत आला होता आणि तो नोकरीवर ठेवून नव्या व्हिसासाठी मला स्पॉन्सर करेन म्हणाला होता. मग फोनवर मी काय बोलायचे? तिकडे नोकऱ्या कुठेत, इकडे माणसं हवीत, घरच्यांचंही भलं होईल. तेच सगळं — फक्त मराठीत.

एकदा फोनवर निघाला माझाच मावसभाऊ, साताऱ्याचा निखिल. बी.कॉम. होऊन घरी बसलेला.

"ताई, कॉलेज तू स्वतः पाहिलंयस ना?"

पाहिलं होतं. एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. शेगड्यांना गॅससुद्धा जोडलेला नव्हता.

"हो रे, मस्त आहे. ये बिनधास्त."

मला भीती वाटत होती का? होती. पण ती भीती त्याच्यासाठी नव्हती — तो नाही म्हणाला तर माझं काय होईल, याची होती.

तो आला. पहिल्याच टर्मला कॉलेजला टाळं लागलं. निखिल माझ्याकडे राहिला, कारवॉशवर राबला, हळूहळू बोलेनासा झाला, आणि शेवटी परत गेला. मला पीआर, कायम राहायची परवानगी, मिळाली.

काही वर्षांनी त्याच्या लग्नात त्याने बायकोशी माझी ओळख करून दिली. "ही ताई. त्या एजंटने हिलाही फसवलं बिचारीला."

मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मान डोलावली, आणि त्यांच्याबरोबर फोटोला उभी राहिले.