टॅब फुगला भाकरीवानी

खाडीकाठच्या खारेपाटात लग्न ठरलं की तारखेच्याही आधी गोदूला विचारायची रीत होती. ‘बाय, वैशाखात मोकली हायस का?’ एवढं विचारून मग लोक भटजीचं दार ठोठावत. गोदू धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिल्यापासून नवरानवरीच्या अंगाची हळद उतरेपर्यंत जी जुनी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ही त्या मांडवातली मोठी असामी. तिनं तोंड उघडलं की नवऱ्याचा बापसुद्धा विडी विझवून गप बसतो.

धवलारणी बसतात जोडीनं. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं झेलायची, आणि मागं बसलेल्या बायांनी ती पुन्हा म्हणायची. गोदू उचलणारी आणि चांगुणा झेलणारी, हे दोघींचे केस काळे होते तेव्हापासून ठरलेलं. घरंही एकाच आळीत, मधे एक शेवग्याचं झाड. त्याच्या शेंगा कोणाच्या यावरून दर साली एकदा कडाक्याचं भांडण व्हायचं, आणि लग्नसराई तोंडावर आली की आपसूक मिटायचं.

मग चांगुणेच्या घरात टॅब आला.

चांगुणेचा निकेत उरणकडं कंटेनरच्या यार्डात कामाला. त्यानं आईला तो आणून दिला, वर ती सांगेल तसे सगळे धवले मोठ्या अक्षरांत टाइप करून दिले. चांगुणा चौथी शिकलेली. नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवायची, बोटानं ओळ वर सरकवायची आणि म्हणायची. गोदूला अक्षरओळख नव्हती. तिनं एकदा वाकून त्या काचेत पाहिलं आणि म्हणाली, “मुंग्या चालल्यात नुसत्या.” पण त्या मुंग्या कुठल्या वारुळातल्या, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यातला शब्द न् शब्द तिनं उचललेला होता.

“माजं गानं कोंबलंस गो त्या डब्यात,” ती एकदा शेवग्याखाली म्हणाली.

“तुजं कंचं?” चांगुणा म्हणाली. “धवला काय कोनाच्या बापाचा नसतो.”

हे खरं होतं, म्हणून तर जास्तच झोंबलं.

लोकांना मात्र टॅबचं भारी कौतुक. चांगुणा तो पितळी तांब्याला टेकवून उभा करायची आणि मांडवातल्या पोरी गोदूच्या खांद्यावरून हात घालून त्याचे फोटो काढायच्या. एकीनं तर “आजी, जरा बाजूला व्हा ना” असंही म्हटलं. गोदू बाजूला झाली. मात्र त्या रात्रीचं मटण तिला गोड लागलं नाही.

टॅबची बडदास्त तर एखाद्या बाळंतिणीची ठेवावी तशी. आमच्याकडचा खारा वारा खिडक्यांचे गज खातो, दाराच्या कड्या खातो, तिथं या पातळ यंत्राचा काय निभाव लागणार? म्हणून चांगुणेनं त्याला आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, वरून जुन्या लुगड्यांच्या चार पदरांची गोधडी शिवली, तिला नाडी लावली. फक्त तोंड उघडं. रात्री झोपताना तो उशाशी, आणि वायर लावलेली. मांडवातही वायर लावलेलीच.

“सारखं काय पाजतंस त्याला?” गोदू विचारायची.

“पोट भरलेलं बरं.”

“मंग एक कुंची पन शिव. दिस्ट लागंल.”

टॅब अडला की गोदूच्या जिवाला तेवढाच थंडावा. चांगुणेचं बोट हळदीनं माखलेलं असलं की काच ढिम्म ऐकायची नाही. ती पदरानं बोट पुसायची, काच पुसायची, पुन्हा बोट लावायची, आणि तोवर गोदू पुढची ओळ मुद्दाम एका दमात उचलून मोकळी व्हायची. रेवसच्या एका हळदीत तर तो जागच्या जागी थिजलाच. नवऱ्याचा भाऊ म्हणाला, “बंद करून चालू करा, काकी.” तो बंद होऊन चालू होईतो गोदूनं दोन धवले म्हणून टाकले. त्या दिवशी घरी येऊन तिनं जवळ्याची चटणी केली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि भांडी घासताना गुणगुणली.

पण किहीमचा फोन आला आणि तिचं गुणगुणणं थांबलं. दोघी चांगुणेच्या ओटीवर शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या. चांगुणेचे हात ओले, म्हणून तिनं फोन स्पीकरवर मोठ्यानं लावला.

“टॅबवाल्या बाय ना?” पलीकडून आवाज. “आमच्या ऋत्विकची हळद हाय. तुम्हीच पाहिजेत बघा.”

“येते की,” चांगुणा म्हणाली. “आनि गोदूला पन आनते.”

पन! गोदूच्या हातातला पाला हातात राहिला. आजवर किती घरांना तिनं स्वतः सांगितलं होतं, ‘चांगुनेला पन आनते.’ तेव्हा तो शब्द किती हलका होता. आता घशात माशाचा काटा अडावा तसा अडला. भाताचा मोठा घास घ्यावा, पाणी प्यावं, तरी जात नव्हता.

हळदीच्या आदल्या दिवशी ती एसटीचं विचारायला चांगुणेकडे गेली. चांगुणा चुलीपाशी चहा टाकत होती. गोधडी धुऊन दोरीवर वाळत घातलेली, आणि टॅब ओटीच्या फरशीवर उघडाबोडका पडलेला. गोदूनं तो असा पहिल्यांदाच पाहिला. पाठ जराशी वर आलेली. काचेची एक कड फ्रेम सोडून उचललेली, नख आत जाईल इतकी.

शिमग्यात तिचा स्वतःचा बटणाचा फोन बंद पडला होता, तेव्हाची गोष्ट तिला आठवली. पेझारी नाक्यावर रितेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं तिच्या फोनची बॅटरी काढून काचेच्या काउंटरवर ठेवली आणि बोटानं टिचकी मारली. बॅटरी भोवऱ्यासारखी गरगरली. “फिरली की गेली, मावशी,” तो म्हणाला होता. “चांगली असती तर जागची हलली नसती. पोट फुगलं की अशी फिरते. हिला दाबायची नाय, टोचायची नाय, आनि चार्जिंगला तर बिलकूल लावायची नाय. पेट घेते.”

गोदूनं आत पाहिलं. चांगुणेची पाठ होती. तिनं टॅब फरशीवर पाठीवर सारखा केला आणि कडेला टिचकी मारली.

टॅब फिरला. अगदी गोल, सावकाश, जत्रेतल्या पाळण्यासारखा. गोदूनं तळहात ठेवून थांबवला. शब्द तिच्या दातांपर्यंत आला होता, खोटं कशाला बोला. तेवढ्यात आतून चांगुणा म्हणाली, “गोदू, किहीमला तू जरा मागं सरून बस हां. टॅबची वायर पुरत नाय.”

चहा आला. गोदूनं चहाबरोबर शब्दही गिळला.

“लई गोड केलास,” एवढंच म्हणाली.

रात्रभर ती मनाशी घोकत राहिली, बंद पडू दे. पेटायला नको, कोणाला काही व्हायला नको, भर मांडवात सगळ्यांच्या देखत नुसता बंद पडू दे. मग बघू कोण कोणाला ‘पन’ आणतं.

किहीमला वाडीतच मांडव घातला होता, नारळीच्या बुंध्यांना दोऱ्या बांधून. वारा पडलेला. ऋत्विक गुडघ्यापर्यंत पंचा नेसून पाटावर बसला होता आणि त्याच्या आत्या, माम्या त्याला तेल चोपडत होत्या. पाटाला लागून तांब्या, तांब्याला टेकून टॅब, त्याच्या गोधडीत, नाडी आवळलेला. वायर साउंडवाल्याच्या बोर्डावर गेलेली. चांगुणा त्याच्यासमोर. गोदू मागं, बायांच्या पहिल्या ओळीत, जिथं ती कधीच बसली नव्हती.

आज पहिल्यांदाच ओळ चांगुणेनं उचलली. गोदूनं झेलली. झेलता झेलता तिची नजर टॅबवर. गोधडीची नाडी ताणली होती. काचेची कड काल नखाएवढी होती, आज बोट शिरलं असतं. आणि वास येऊ लागला, हळदीचा नव्हे, पोरी नखांना लावतात त्या रंगासारखा गोडसर. मांडवात कोणाला कळला नाही. गोदूला कळला, कारण ती त्या टॅबशिवाय दुसरं काही बघतच नव्हती.

ओरडायचं तर कसं? धवला चालू होता. तिच्या सासूनं तिला बसवून शिकवलं होतं: मांडवात साप निघाला तरी ओळ पुरी कर, तुटला धवला की नवरानवरीचं तुटतं. आणि ओरडायचं तरी कशाला? जे मागितलं तेच तर होत होतं.

ऋत्विकला मामीनं गुदगुल्या केल्या. तो हसत वाकला, आणि त्याच्या कोपरावरून तेलाची धार तांब्याच्या कडेवर पडली, टॅबपासून बोटभर अंतरावर.

गोदूनं चांगुणेच्या तोंडातली ओळ अर्ध्यात काढून घेतली. चाल तीच, ताल तोच, आवाज मात्र तिचा जुना, घागरीत बोलल्यासारखा:

“चांगुनेचा टॅब गो, फुगला भाकरीवानी,
नवऱ्याच्या पाटाशी गो, ठेवू नका कोनी.”

मागच्या बाया हळदीच्या तारेत होत्या. रीत म्हणजे रीत. त्यांनी खड्या आवाजात ओळ उचलून धरली: “फुगला भाकरीवानी गो, फुगला भाकरीवानी!”

चांगुणा चष्म्यावरून बघतच राहिली. गोदूनं दम घेतला नाही.

“बोर्डाची वायर गो, काढा आधी कोनी,
घमेल्यात वालू रं, आना चुलत्यांनी.”

“आना चुलत्यांनी!” बाया म्हणाल्या, आणि आता कुठं त्यांना आपण काय म्हणतोय ते उमगलं. एकच हशा पिकला. साउंडवाल्यानं वायर ओढली. ऋत्विकचा चुलता धावत जाऊन घमेलंभर वाळू घेऊन आला. त्यानं टॅब फडक्यानं अलगद उचलला, वाळूत ठेवला आणि घमेलं पार कुंपणाशी नेलं. पोरं लांब उभी राहून बघू लागली, आता पेटतो की मग. टॅब पेटला नाही. वाळूत निमूट पडून राहिला. गोदूला क्षणभर वाटलं, अरे, निदान धूर तरी काढ!

पण धवला तुटायचा नव्हता. तिनं ओळ वळवून पुन्हा तेलावर आणली, आणि चांगुणेनं, पुढ्यात काही नसताना, ती झेलली.

चारेक दिवसांनी दोघी पेझारीला रितेशच्या दुकानात होत्या. चांगुणा टॅबसाठी आली होती. गोदू का आली होती, हे ती कोणाला सांगणार नव्हती. तिला रितेशच्या तोंडून ‘गेला’ हा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

“गोधडीत गुंडालून चार्ज करत होता?” रितेश चांगुणेला म्हणाला. “काकी, ते काम करताना तापतं. त्याचा श्वासच कोंडला.”

“खारा वारा लागू नये म्हनून…”

“पुसून ठेवा, डब्यात ठेवा. पन चालू असताना उघडं ठेवा, आनि भरलं की वायर काढा. अजून एक हळद निघाली नसती याची.” मग त्यानं नवी बॅटरी बसवलेला टॅब काउंटरवर ठेवला आणि टिचकी मारली. टॅब जागचा हलला नाही. “जगला.”

गोदूनं पदर तोंडाला लावला. खोकला आल्यासारखं केलं.

चांगुणा तिच्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत असं काही मऊ होतं, जे गोदूला ओळखू येईना.

“त्या दिशी च्या करताना मी बघितलं तुला,” चांगुणा हळू म्हणाली. “फिरवत व्हतीस त्याला. मना वाटलं, खेलतंस. बिचारीला पन हवासा वाटतो, म्हनलं. निकेतला सांगनार व्हते, जुना कंचा असला तं गोदूमावशीला दे.”

शेंगांच्या भांडणात गोदूनं या बाईच्या शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा खराटाही खाल्ला होता. पण बिचारी? चांगुणेनं तिला वाईट म्हटलं असतं तर चाललं असतं. कीव चालणार नव्हती.

“खेलत नव्हते,” ती म्हणाली. “मना ठावं व्हतं. हा रितेशच बोलला व्हता, फिरली की गेली. तवाच कललं मना.”

“ठावं व्हतं?” चांगुणेचा आवाज चढला. “आनि बोलली नाय?”

“मागं बस म्हनालीस.”

रितेशनं उगाच एक स्क्रू शोधायला मान खाली घातली. चांगुणेच्या तोंडाचा पट्टा आता सुटणारच होता, इतक्यात तिचा फोन वाजला. हात टॅबवर होता, म्हणून तिनं सवयीनं मोठ्यानं लावला.

“हालो, मुरुडवरून बोलतेय,” एक बाई हसत होती. “किहीमच्या हळदीचं सगळ्यांच्या फोनवर फिरतंय, ते आमी बघितलं. ते ‘फुगला भाकरीवानी’ म्हननाऱ्या बाय तुमीच ना? आमच्या पोरीच्या हळदीला तोच धवला पाहिजे.”

चांगुणेनं फोनवर तळहात ठेवला. तिचा चेहरा आंबट चिंच चावल्यासारखा झाला. वरून हसू, खाली जळजळ. गोदूनं तो चेहरा लगेच ओळखला. टॅब आल्यापासून ती रोज तोच घेऊन फिरत होती.

“तुला विचारतात,” चांगुणा म्हणाली.

गोदूनं लुगड्याचा काष्टा नीट केला, पदर खोचला.

“सांग, येते म्हनावं,” ती म्हणाली. “आनि तुला पन आनते.”