वाशीमच्या स्टँडवर भेटलेली बाई

विटाळात देवीचं नाव घेतलं तर चालतं का, हे विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. नवरात्राचे दिवस, देवघरापुढे घट बसलेला, आणि माझी पाळी अवेळी आलेली. मी मागच्या खोलीत बाजूला बसले होते. घटाचं सगळं सासूबाई पाहत होत्या. अंगात ताप होता, हाडं ठणकत होती, आणि मनात एकच धास्ती होती, की माझ्या हातून काही चुकलं म्हणूनच ऐन नवरात्रात हे असं झालं.

त्या वर्षी आमच्या रिठद गावात घरोघरी डेंगू होता. आधी आमचे हे पडले, मग मुलगा. त्या दोघांच्या तापाचा घरात मोठा थाट. लगेच वाशीम, लगेच सलाईन, मोसंबीचा रस, उशाशी बसायला मी. माझा ताप मात्र बाजूला बसलेल्या बाईचा ताप. शिवायचंच नाही म्हटल्यावर कपाळाला हात कोण लावणार? फवारणीवाले सांगून गेले होते की हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे ड्रम भरून ठेवायचे, आणि दिवसभर त्यांच्याजवळ धुणंभांडी करायची ती आम्ही बायांनीच. डासाला आमचा पत्ता शोधावा लागत नव्हता.

मग ताप उतरला. घरच्यांना हायसं वाटलं. पण माझं अंगावरून जाणं वाढतच गेलं. मी कपडे बदलायचे, लपवून धुवायचे आणि गप्प बसायचे. न्हाणीतून येताना भिंत धरावी लागायला लागली तेव्हा हे घाबरले आणि मला वाशीमला घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "नाकातून, हिरड्यांतून, कुठून रक्त जातं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. खोटं बोलले असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही. दर महिन्याला जातं त्याला आम्ही रक्त जाणं म्हणतच नाही. शिवाय शेजारी हे उभे, मागे माणसांची रांग. तपासायला रक्त घेतलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. गोळ्या घेऊन आम्ही स्टँडवर आलो.

दसरा उद्यावर आला होता. स्टँडवर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, लेकराबाळांसह, नागपूरला दीक्षाभूमीवर निघालेल्या. मी खांबाला टेकून बसले होते. हातपाय गार पडले होते, कानात घूं घूं आवाज येत होता. उद्या घट उठणार, पुरणाला हात कोण लावणार, याचीच काळजी. विटाळात असूनही मी मनातल्या मनात देवीला विनवत होते, आई, लवकर गाडी येऊ दे, मला घरी पोचव. गाडी आली. यांनी धावत जाऊन खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकला, जागा धरली आणि ओरडले, "ये लवकर!" मी उठले, तोच मागून कोणीतरी माझा दंड घट्ट धरला.

पांढऱ्या साडीतली एक पोक्त बाई होती. तिनं आपली शाल माझ्या कमरेभोवती गुंडाळली आणि कानाशी विचारलं, "बाई, ताप होता का तुले?"

मी हो म्हटलं.

"अन् हे कवापासून जाऊन राह्यलं? डाक्टरले सांगतलं का?"

"पाळीचं काय सांगायचं त्यायले?" मी म्हटलं.

तिचा चेहराच उतरला. "माया पोरीचंबी असंच झालं होतं," ती म्हणाली. "आमाले उशिरा समजलं." पुढे काय झालं हे विचारायचा मला धीर झाला नाही. तिनं गाडीत बसलेल्या यांना हाक मारली, "भाऊ, उतरा खाली. इले वापस दवाखान्यात न्या." हे उतरले. दुपट्टा सीटवरच राहिला. आपल्या माणसांना ती म्हणाली, "तुमी व्हा पुढं, मी मागून येतो," आणि आमच्याबरोबर ऑटोत बसली.

मला जे बोलता येत नव्हतं ते तिनं डॉक्टरांसमोर, यांच्यासमोर, सगळ्यांसमोर बोलून टाकलं. डॉक्टर उठून उभेच राहिले. रिपोर्ट तातडीनं मागवला, तर रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. मला भरती केलं, रक्त चढवलं. हे कोपऱ्यात उभे राहून रडत होते. मी तिचा हात धरून म्हटलं, "माय, मले देवी भेटली."

"मी कायची देवी वं!" ती हसली. "मले नागपूरची गाडी धराची हाय." आणि ती निघून गेली. शाल माझ्याचजवळ राहिली. नाव विचारायचं भान मला नव्हतं.

मी वाचले. विटाळात देवी ऐकते की नाही, यावर वाद घालण्याएवढं ज्ञान मला नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी मी मागितलं तसं झालं असतं, मी घरी पोचले असते, तर मागच्या खोलीतच संपले असते. आता घरात कोणा बाईला ताप आला की हे आधी तिच्यासाठी गाडी करतात. मीही डॉक्टरांना सगळं सांगते. लाज वाटते, तरी सांगते. देवीकडे मागणं काही सुटलेलं नाही, रोज काहीबाही मागतेच. पण शेवटी हात जोडून म्हणते, आई, माझं मागणंच चुकत असेल तर ऐकू नकोस.