मावशीच्या वहीतले अठरा दिवस

आमची मावशी दूधवाल्यासमोर दूध मापून घ्यायची आणि तो जिना उतरला की पुन्हा मापायची. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मला वाचायला लावायची, मग शेजारणीला. अशी बाई पाण्याच्या अभ्यासावरच्या त्रैमासिकाची संपादक झाली, यात नवल ते काय. मी तिच्या बहिणीची मुलगी आणि कार्यालयातली एकुलती एक मदतनीस. कार्यालय म्हणजे तिच्या घरातली पुढची खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट. कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

लेख आला की ती मूळ नोंदवही मागवायची. "खऱ्या वहीत भोकं असतात," म्हणायची. "माणूस आजारी पडतो, कंटाळतो. एकही दिवस गाळलेला नसेल तर समज, कुठंतरी पाणी मुरतंय."

मग त्या तरुण प्राध्यापकाचा लेख आला. एका विहिरीची पातळी त्याने वर्षभर रोज सकाळी मोजली होती. ऐन उन्हाळ्यात तीन आठवडे पाणी हातभर खाली जातं, असं त्याचं म्हणणं. त्याच विहिरीवर तीस वर्षांपूर्वी मावशीने लेख लिहिला होता, पाणी उन्हाळ्यातही हलत नाही म्हणून. तिचं नाव झालं ते त्याच लेखाने.

त्याच्या वहीत भोकं होती. 'ताप, गेलो नाही.' 'दोरी तुटली.' मावशीच्याच कसोटीला उतरलेला माणूस. तरी लेख चार महिने तिच्या टेबलावर पडून. त्याचा फोन यायचा, "ताई, महिनाअखेर लेख स्वीकारल्याचं पत्र नाही मिळालं तर माझी नोकरी जाते हो." मी विचारलं की मावशी म्हणायची, "घाई करणाऱ्याचा मला संशय येतो."

मला आता मावशीचाच यायला लागला. संपादकाचा संबंध असलेला लेख दुसऱ्याकडे सोपवावा, हा नियम तिनेच लिहिलाय. दर अंकाच्या शेवटच्या पानावर तो मीच तपासते. आणि जगाच्या वह्या मागवणाऱ्या या बाईने स्वतःची वही मला कधी दाखवली नव्हती.

ती दुपारी आडवी झाल्यावर मी पर्समधून किल्ली काढली. चोरीच म्हणा. वही सगळ्यात खाली होती. एकही दिवस गाळलेला नाही. उन्हाळ्याच्या पानावर माझ्या जन्माची तारीख होती, त्यापुढे पातळी, सेंटिमीटरपर्यंत. आई अजून सांगते, माझ्या वेळचं बाळंतपण अवघड गेलं तेव्हा मावशी अठरा दिवस दवाखान्यातून हलली नव्हती. विहीर तिथून दिवसभराच्या वाटेवर.

खाई त्याला खवखवे, ते हे.

मावशी उठली. टेबलावर वही बघून खुर्चीत बसली. मी विचारलं, "या दिवशी विहिरीवर कोण गेलं होतं?"

तिने त्या तारखेवर बोट ठेवलं. म्हणाली, "तू पावणेदोन किलोची होतीस. तुझं वजन मी रोज लिहायचे, ते खरं आहे. हे नंतर भरलं. वाटलं, अठरा दिवसांत पाणी जाऊन जाऊन कुठं जाणार."

मला तिचा राग आला होता आणि रडूही.

संध्याकाळीच तिने लेख संपादक मंडळावरच्या एका प्राध्यापिकेकडे पाठवायला सांगितला. दोन परीक्षकांनी तो पंधरा दिवसांत वाचून होकार दिला. प्राध्यापकाला पत्र मुदतीच्या दोन दिवस आधी पोचलं. पुढच्या अंकात त्याचा लेख आला. पहिल्या पानावर मावशीचं निवेदन होतं: माझ्या लेखातल्या अठरा नोंदी मी मोजलेल्या नाहीत, तो लेख मागे घेते आहे, संपादकपदही सोडते आहे.

छापायला देण्याआधी मी म्हटलं, "मावशी, कारण तरी लिही. बहीण मरणाच्या दारात होती म्हणून. लोक समजून घेतील."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. कपाटाची किल्ली तिने माझ्यापुढे सरकवली आणि निवेदनातली तारीख मला पुन्हा एकदा वाचायला लावली.